आर्ट फेअरला जाताय? बघा कमी, विचारा जास्त

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी फाइन आर्ट्सच्या शेवटच्या वर्षाला आहे, तुम्ही मायलेकी यंदा पहिल्यांदाच दिल्लीच्या इंडिया आर्ट फेअरला जाताय, हाताशी तीन दिवस आहेत. खरेदीसाठी म्हणून जात नाही, पण मनासारखं काही दिसलं तर पन्नास हजारांच्या आत एखादं काम घ्यायची तयारी आहे. तिथे आपल्यासारख्यांशी कुणी बोलतं का, एवढ्या पसाऱ्यात बघायचं कसं, घेताना काय पाहायचं आणि मुलीने पोर्टफोलिओ सोबत न्यावा का, हे तुम्ही विचारलंय.

मी बरीच वर्षं गॅलरीच्या बाजूने काम केलं. बूथ (फेअरमधला गॅलरीचा गाळा) उभारणं, चित्रं टांगणं, येणाऱ्यांशी बोलणं हे सगळं त्यात आलं. आता संग्राहकांसोबत फिरते. दोन्ही बाजूंनी बघितल्यामुळे पहिल्या प्रश्नाचं उत्तर ठामपणे देते: बोलतात. आणि तुम्ही तिथे मुख्यतः बोलण्यासाठीच जावं असं माझं मत आहे.

नुसती चित्रं बघायला आर्ट फेअरपेक्षा संग्रहालय केव्हाही बरं. तिथे शांतता असते, भिंतीला भरपूर जागा असते, बसायला बाक असतो, कामं विचारपूर्वक एका ओळीत लावलेली असतात. फेअरमध्ये यातलं काहीच नसतं. तात्पुरते मंडप, वर झगझगीत दिवे, एका कामाला खेटून दुसरं काम, आणि मागून माणसांचा लोंढा. पण एक गोष्ट तिथे असते जी संग्रहालयात नसते: काम आणि त्या कामाची खडान्‌खडा माहिती असलेला माणूस, दोघं एकाच जागी. तो माणूस बोलण्यासाठीच तिथे उभा केलेला असतो. कधीकधी तो स्वतः चित्रकारच असतो. राष्ट्रीय संग्रहालयातल्या चित्रासमोर उभं राहून ‘हा कागद कुठला’ असं विचारलं तर उत्तर द्यायला कुणी नसतं. फेअरमध्ये असतं. बहुतेक लोक मात्र ते न वापरताच परत येतात. चार तास चालतात, दोनशे फोटो काढतात आणि एकाही माणसाशी बोलत नाहीत.

हे नीट वापरायचं तर आर्ट फेअर म्हणजे काय हे डोक्यात स्वच्छ हवं. कोचीची बिएनाले, म्हणजे साधारण दर दोन वर्षांनी भरणारं कलाप्रदर्शन, तुम्ही ऐकली असेल, २०१२ पासूनची. तिथे क्युरेटर कलाकार निवडतो, एखाद्या विषयाभोवती कामं मांडतो, आणि तिथे काही विकायला नसतं. आर्ट फेअरमध्ये निवड होते ती गॅलऱ्यांची. निवड झालेली गॅलरी चौरस मीटरच्या हिशेबाने जागा भाड्याने घेते, वाहतूक, विमा, माणसांची राहण्याची सोय हा सगळा खर्च स्वतः करते आणि चार दिवसांत तो वसूल व्हावा म्हणून धडपडते. म्हणजे हा बाजार आहे, आणि सुरुवातीपासून बाजारच आहे. १९६७ साली पश्चिम जर्मनीतल्या कोलोनमध्ये गॅलरीवाल्यांनी एकत्र येऊन असा बाजार भरवला. १९७० मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या गॅलरीचालकांनी आपला सुरू केला, आणि आज जगभर त्याचाच नमुना चालतो. आपल्याकडे नेहा किरपाल यांनी २००८ मध्ये दिल्लीच्या प्रगती मैदानावर ‘इंडिया आर्ट समिट’ या नावाने सुरुवात केली. २०१२ पासून त्याचं नाव इंडिया आर्ट फेअर झालं आणि जागा ओखल्याचं एनएसआयसी मैदान. मुंबईतही २०२३ पासून महालक्ष्मी रेसकोर्सवर आर्ट मुंबई भरतंय. दिल्लीला जमलं नाही तर तेही आहेच.

बाजार म्हटलं की काही जण नाक मुरडतात. मला तो मोकळेपणा आवडतो. पण बाजार काय दाखवत नाही, हेही लक्षात ठेवा. विकायला सोपं ते पुढे येतं: भिंतीवर टांगता येईल असं, दिवाणखान्यात मावेल असं, दुरून चटकन डोळ्यांत भरेल असं. वीस मिनिटांचं व्हिडिओकाम, खोलीभर पसरलेली मांडणी (इन्स्टॉलेशन) किंवा हळूहळू उमगणारं फिकट रेखाटन या जागेत मार खातं. मुलीला हे आधीच सांगा. तिथे जे दिसलं तेवढंच आजचं भारतीय कलाविश्व, असं तिने धरून चालू नये. मंडपाबाहेरच्या मोकळ्या जागेत मोठी शिल्पं आणि मांडण्या असतात, संस्थांच्या दालनांत कधीकधी विक्रीचा दबाव नसलेली कामं असतात. तिथे थोडा जास्त वेळ द्यावा.

आता दिवस आणि वेळ. फेअर जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला, गुरुवार ते रविवार असतो. पहिला दिवस निमंत्रितांचा. तो चुकतोय म्हणून हळहळू नका, त्या दिवशी गॅलरीवाले आपल्या जुन्या ग्राहकांच्या मागे असतात आणि अनोळखी माणसाकडे त्यांचं लक्ष नसतं. खरं तर बरीचशी विक्री त्याही आधी ठरलेली असते. कुठली कामं आणणार त्याची पीडीएफ आठवडाभर आधीच ठरावीक लोकांना गेलेली असते. सर्वसामान्यांसाठीच्या दिवसांत शनिवारी दुपारनंतर आणि रविवारी संध्याकाळी प्रचंड गर्दी होते. तुम्ही दार उघडल्याबरोबर आत जा. पहिल्या दोन तासांत बूथवरची माणसं ताजीतवानी असतात, घसा बसलेला नसतो आणि त्यांच्याकडे वेळ असतो. तिकीट ऑनलाइन आधीच काढा, आणि त्या वर्षीच्या वेळा संकेतस्थळावर स्वतः बघून घ्या. विद्यार्थ्यांसाठी सवलत आहे का तेही पाहा, मुलीचं ओळखपत्र जवळ ठेवा.

पोहोचायला मेट्रो सगळ्यांत सोपी. मॅजेंटा लाइनवर ‘ओखला एनएसआयसी’ नावाचंच स्टेशन आहे. विमानाने टर्मिनल १ वर उतरलात तर तेही याच लाइनवर आहे, कुठे बदलावं लागत नाही. पाठीवरची मोठी सॅक मुळीच नको. अरुंद बूथमध्ये मागे वळताना सॅक कशावर आदळेल सांगता येत नाही, आणि तिच्यावर लक्ष ठेवणाऱ्या गॅलरीवाल्याचं तुमच्या प्रश्नावर लक्ष राहत नाही. सकाळी थंडी, दुपारी मंडपात उकाडा, त्यामुळे काढता-घालता येईल असं काहीतरी अंगावर असू द्या आणि बूट चालायचे घाला.

घरून एक अभ्यास करून जा. सहभागी गॅलऱ्यांची यादी संकेतस्थळावर असते. त्यातल्या आठ-दहा निवडा आणि त्या कोणत्या कलाकारांचं काम दाखवतात ते वाचून ठेवा. मुलीला आपल्याकडच्या कलाकारांचे धागे पकडून जाता येईल. प्रभाकर पाचपुते चंद्रपूरच्या कोळसा खाणींच्या पट्ट्यातले, आणि कोळशानेच काढलेली त्यांची भव्य रेखाटनं जगभर गेली आहेत. अमोल पाटील मुंबईचे, २०२२ मध्ये जर्मनीतल्या कासेलला भरणाऱ्या ‘डॉक्युमेंटा’ या मोठ्या कलाप्रदर्शनात त्यांचं काम होतं. विक्रांत भिसे आंबेडकरी चळवळीचा इतिहास चित्रांतून मांडतात. सुधीर पटवर्धन तर ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून काम करता करता शहर रंगवत राहिले. यातलं कोण त्या वर्षी असेल हे सांगता येत नाही, पण कोणती गॅलरी कुणाचं काम दाखवते हे माहीत असलं की बूथवर गेल्यावर बोलायला विषय मिळतो. ‘पाचपुत्यांचं नवीन काही आणलंय का?’ या एका प्रश्नाने समोरच्याचा चेहरा बदलतो, कारण हा माणूस माहिती काढून आलाय हे त्याला कळतं.

पहिल्या दिवशी पहिली फेरी न थांबता मारा. दीड-दोन तास, सगळे मंडप, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. हातात नकाशा आणि पेन्सिल. जिथे पाय आपोआप रेंगाळले तिथे खूण करा, कारण शोधू नका, लेबल वाचू नका, फोटो काढू नका. मग बाहेर येऊन काहीतरी खा, पाणी प्या आणि दोघी आपापल्या खुणा ताडून बघा. दोघींच्या खुणा कुठे जुळतात आणि कुठे अजिबात जुळत नाहीत, यावरच तासभर गप्पा होतील. दुसऱ्या फेरीत फक्त खुणा केलेल्या ठिकाणी जायचं, दहा-बारा कामांपेक्षा जास्त नाही, आणि प्रत्येकाला दहा मिनिटं. दहा मिनिटं एका चित्रासमोर उभं राहणं वाटतं तेवढं सोपं नाही. तिसऱ्या मिनिटाला आपल्याला सगळं दिसून झालं असं वाटतं, आणि सहाव्या-सातव्या मिनिटाला मघाशी न दिसलेलं दिसायला लागतं.

जुन्या आधुनिक चित्रकारांच्या बूथवर हे जास्त जाणवतं. समजा वासुदेव गायतोंडे यांचं एखादं काम आलंय. समोरून बघितलं की एका रंगाचा पडदा दिसतो, माणसं फोटो काढून पुढे जातात. तुम्ही बाजूला सरका, अगदी कडेला, आणि पृष्ठभागावर प्रकाश तिरका पडतोय तिथून बघा. रोलरने दिलेले थर, चाकूने ओढलेला रंग, मध्येच खालच्या थराचा वेगळाच रंग वर डोकावलेला, एखादी जागा खरवडल्यासारखी. मग कॅनव्हासची बाजूची कड बघता आली तर बघा. आधी कोणते रंग लागले होते त्याचे ओघळ तिथे दिसू शकतात. छापील पुस्तकात यातलं काहीही येत नाही. गायतोंडे, हुसेन, तैयब मेहता अशी नावं दिसली की किमतींच्या बातम्या आठवतात. हुसेन यांचं ‘ग्रामयात्रा’ २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे ११८ कोटी रुपयांना गेलं. या आकड्यांनी दडपून जाऊ नका. त्या कामांसमोर विद्यार्थी म्हणूनच उभं राहायचं, आणि तसं उभं राहायला कुणी अडवत नाही.

याच बूथवर एक गोष्ट विचारण्यासारखी आहे. राजा रविवर्मा, अमृता शेरगिल, जामिनी रॉय, नंदलाल बोस, रवींद्रनाथ, अवनींद्रनाथ आणि गगनेंद्रनाथ टागोर, शैलोज मुखर्जी आणि निकोलस रोरिक या नऊ जणांची कामं १९७२ च्या पुरावस्तू आणि कलानिधी कायद्याखाली राष्ट्रीय ठेवा मानली जातात, देशाबाहेर नेता येत नाहीत. त्यामुळे देशात असलेल्या त्यांच्या कामांचा बाजार देशातल्या देशातच चालतो. याचा किमतीवर काय परिणाम होतो, असं विचारलं तर चांगला जाणकार अर्धा तास बोलेल.

आता विचारायचं कसं. ‘याचा अर्थ काय?’ हा पहिला प्रश्न करू नका. त्यावर पाठ केलेलं निवेदन ऐकायला मिळतं, कलाकाराच्या पत्रकातलं. ‘हे कसं केलंय?’ असं विचारा. हा प्रश्न मला सगळ्यांत आवडतो, कारण त्याचं उत्तर खोटं देता येत नाही, आणि उत्तर देणाऱ्यालाही त्यात रस असतो. एकदा मोठ्या कोळशाच्या रेखाटनासमोर एक बाई थांबल्या होत्या. त्यांनी बूथवरच्या मुलीला विचारलं, ‘हा कोळसा झडत नाही का?’ ती मुलगी नुकतीच बडोद्याहून शिकून आलेली. ती खुलली. वरून फिक्सेटिव्ह (भुकटी धरून ठेवणारा फवारा) मारलेलं असतं, तरी पूर्ण धरत नाही. म्हणून अशा कामाला अॅक्रिलिकची शीट लावत नाहीत, काचच लावतात, कारण अॅक्रिलिकवर स्थिर वीज साठते आणि ती कागदावरची कोळशाची भुकटी स्वतःकडे ओढून घेते. काचेला आतून कागद टेकू नये म्हणून मध्ये पट्टी देऊन अंतर ठेवतात. मग तिने बाईंना फ्रेमच्या कडेला नेऊन ते अंतर दाखवलं. खाली, फ्रेमच्या तळाला, काळसर धुळीची एक बारीक रेघ जमली होती. ‘ही वाहतुकीत पडलेली,’ ती म्हणाली. एवढं होईपर्यंत शेजारी चार माणसं ऐकत उभी होती. तुमच्या मुलीच्या फाइन आर्ट्सच्या शिक्षणाला अशा पाच मिनिटांनी जे मिळेल ते वर्गात मिळेलच असं नाही.

त्यानंतरचा प्रश्न: ‘याच्या आधी हे कलाकार काय करायचे?’ भिंतीवर एक-दोनच कामं असतात, पण जवळजवळ प्रत्येक बूथच्या मागे एक अरुंद कपाटवजा खोली असते. तिथे बबल रॅपमध्ये गुंडाळलेली आणखी कामं उभी करून ठेवलेली असतात. गॅलरीवाल्याला तुमचा रस खरा वाटला तर तो टॅबवर जुनी कामं दाखवतो, आणि वेळ असेल तर आतलं एखादं काम काढूनही आणतो. रात्रीतून बूथवरची कामंही बदलतात. विकलेलं काम उतरवून त्या जागी नवं लावतात. म्हणून शुक्रवारी बघितलेला बूथ रविवारी पुन्हा बघण्यात अर्थ आहे.

तिसरा प्रश्न किमतीचा. तो विचारायला लाजू नका. भिंतीवर बहुधा किंमत नसते, याचा अर्थ विचारू नये असा होत नाही. यादी टेबलावर किंवा टॅबमध्ये असते. ‘मी आज घेणार नाहीये, पण किंमत समजून घ्यायची आहे’ असं सरळ सांगा. लेबलाशेजारी लाल टिकली म्हणजे विकलं गेलं. कधी ‘होल्डवर आहे’ असं सांगतात, म्हणजे कुणीतरी विचार करायला वेळ मागितलाय. मुलीने तर किमती लिहूनच घ्याव्यात: कलाकाराचं वय साधारण किती, माध्यम कोणतं, आकार केवढा, किंमत किती. वीस-पंचवीस कामांची अशी नोंद झाली की बाजाराची चौकट आपोआप दिसते. एकाच कलाकाराच्या कामांत किंमत आकाराप्रमाणे चढते, कागदावरचं काम कॅनव्हासपेक्षा स्वस्त असतं, आवृत्तीतलं, म्हणजे ठरावीक प्रतींत काढलेलं, काम एकमेव कामापेक्षा स्वस्त. कलाकाराच्या नव्या कामाच्या किमतीतला साधारण अर्धा वाटा गॅलरीचा असतो. हे ऐकून विद्यार्थी चिडतात, पण त्या अर्ध्यात हा बूथही येतो, वाहतूकही, आणि विक्री न होणारी वर्षंही.

फोटोग्राफ, व्हिडिओ किंवा मांडणी असेल तर चौथा प्रश्न विचारा: ‘घेणाऱ्याला नेमकं काय मिळतं?’ २०१९ मध्ये आर्ट बाझल मायामी बीचमध्ये माउरित्सियो कातेलान यांनी भिंतीला टेपने चिकटवलेलं केळं १ लाख २० हजार डॉलरला विकलं गेलं, ती बातमी तुम्ही वाचलीच असेल. घेणाऱ्याला मिळालं ते प्रमाणपत्र आणि काम कसं लावायचं याच्या सूचना. केळं दर वेळी नवं आणायचं. २०२४ मध्ये त्यातलीच एक प्रत न्यूयॉर्कच्या लिलावात ६२ लाख डॉलरला गेली. ते काम तुम्हाला आवडो न आवडो, कलाकृती म्हणजे वस्तू की तिच्यामागचा करार, हा प्रश्न आजच्या निम्म्या बूथवर लागू आहे. व्हिडिओ घेणाऱ्याला फाइल आणि प्रमाणपत्र मिळतं. पाच वर्षांनी ती फाइल कशावर चालवायची, खराब झाली तर गॅलरी नवी प्रत देईल का, हे विचारणारा माणूस गॅलरीला लगेच गंभीर वाटतो.

पन्नास हजारांत काय घेता येईल? तरुण कलाकारांची कागदावरची छोटी कामं, आणि मुद्राचित्रं, म्हणजे ठशावरून किंवा पत्र्यावरून छापलेली चित्रं (प्रिंट्स). मी स्वतः मुद्राचित्रांच्या बाजूने आहे, कारण तिथे नामवंत कलाकाराचं अस्सल काम आवाक्यात येऊ शकतं. पण तिथेच डोळे उघडे ठेवावे लागतात. एचिंग (धातूच्या पत्र्यावर रेषा कोरून केलेली छपाई) असेल तर पत्रा दाबाखाली कागदात रुततो, त्याची चौकोनी खोलगट कड कागदावर उमटते. मान तिरकी करून बघितली की ती दिसते. लाकूडठशात लाकडाचे रेषे कधीकधी शाईतून उमटतात. सेरिग्राफमध्ये (जाळीतून शाई दाबून केलेल्या छपाईत) शाई कागदावर बसलेली जाणवते, रंगाचे सपाट थर दिसतात. आणि डिजिटल प्रिंटमध्ये यातलं काहीच नसतं. डिजिटल प्रिंट वाईट असतो असं नाही, अनेक कलाकारांचं ते मूळ माध्यमच आहे. पण कॅनव्हासवरच्या चित्राचा फोटो काढून छापलेली प्रत आणि कलाकाराने स्वतः पत्र्यावर कोरून काढलेलं एचिंग यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, किंमत मात्र कधीकधी सारखी सांगितली जाते. ‘याचा पत्रा कुणी केला? छपाई कुठे झाली?’ असं स्वच्छ विचारा.

मुद्राचित्राखाली पेन्सिलने ७/२५ असं लिहिलेलं असतं. म्हणजे पंचविसातली सातवी प्रत. ‘ए.पी.’ असेल तर ती कलाकाराने स्वतःसाठी ठेवलेली प्रत. एकूण प्रती किती, त्यांत ए.पी. किती आणि आता किती शिल्लक आहेत, हे विचारायचं. सही पेन्सिलची आहे की छापण्यातच आलेली, तेही बघा. मागची बाजू दाखवा म्हणायलाही संकोच नको. डाग, बुरशीचे ठिपके, चिकटपट्टीचे पिवळे व्रण मागूनच कळतात, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात कागदाचं काय होतं हे तुम्हाला सांगायला नको. फ्रेम सोबत असेल तर मागचा बोर्ड आम्लमुक्त आहे का विचारा. साधा पुठ्ठा काही वर्षांत कागदाला तपकिरी करतो.

किंमत ठरवताना एवढं पक्कं करा: सांगितलेला आकडा जीएसटीसह की त्याशिवाय, फ्रेम त्यात आहे की नाही, घरपोच पाठवण्याचा खर्च कुणाचा, वाटेत नुकसान झालं तर विमा कुणाचा. थोडी सूट मिळेल का असं एकदा विचारावं, त्यात गैर काही नाही. नवख्या कलाकाराच्या आठ-दहा हजारांच्या कामावर मात्र घासाघीस करू नये, ते पैसे कुणाच्या खिशातून जातात ते उघड आहे. पावती आणि प्रमाणपत्र दोन्ही घ्या. त्यांवर कलाकार, शीर्षक, वर्ष, माध्यम, आकार आणि आवृत्तीचा क्रमांक हवाच. जुन्या, दिवंगत कलाकाराचं काम असेल तर ते आधी कुणाकडे होतं याची साखळी लेखी मागा. आणि त्याच दिवशी घेऊ नका. रात्र जाऊ द्या. सकाळी उठल्यावरही तेच काम आठवलं तर जा. ‘दुसरं कुणीतरी बघतंय’ असं सांगितलं गेलं तरी घाई नको. ते खरंही असेल, पण आवृत्तीतलं काम बहुधा उरतं.

गोंड, भिल्ल, मधुबनी, वारली यांच्या दालनांत जास्त थांबा असं मी आग्रहाने सांगेन. गोंड चित्रकार जनगढसिंह श्याम आणि आपल्या डहाणूकडचे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांनी भिंतीवरची चित्रं कागदावर आणि कॅनव्हासवर आणली, आणि त्यांच्या नंतरची पिढी आज स्वतःच्या नावाने, स्वतःच्या शैलीत काम करते. तिथे ‘वारली पेंटिंग दाखवा’ म्हणण्यापेक्षा ‘हे कुणाचं?’ असं विचारा. नाव विचारलं की त्या कामाकडे हस्तकला म्हणून न बघता एका कलाकाराचं काम म्हणून बघितलं जातं. तुमच्या रकमेत इथे उत्तम चित्र मिळू शकतं, आणि कलाकार स्वतः भेटण्याची शक्यताही असते.

पोर्टफोलिओ. नेऊ नका. म्हणजे फाइल घेऊन बूथवर जाऊन ‘माझं काम बघाल का’ असं विचारायचं नाही. गॅलरीवाल्याने त्या चार दिवसांसाठी मोठी रक्कम मोजलेली असते, तो विकायला उभा असतो, आणि समोर फाइल उघडली की तो नाइलाजाने पानं उलटतो. काम चांगलं असलं तरी त्याला ते दिसत नाही. मुलीने त्याऐवजी कोणती गॅलरी तिच्या जातकुळीचं काम दाखवते हे हेरावं. तिथे कलाकाराच्या कामाबद्दल दोन नेमके प्रश्न विचारावेत, बोलणाऱ्याचं कार्ड घ्यावं आणि निघावं. फेअर संपल्यावर दोनेक आठवड्यांनी, सगळ्यांचा थकवा उतरला की, छोटा ईमेल करावा: अमुक कामाबद्दल आपलं बोलणं झालं होतं, माझ्या कामाची पाच छायाचित्रं जोडतेय. पाचच. गॅलऱ्या नवीन कलाकार घेतात ते मुख्यतः आपल्या कलाकारांच्या शिफारशीवरून, कॉलेजांच्या वार्षिक प्रदर्शनांतून, निवासी कार्यशाळांतून, आणि वर्षानुवर्षं नजर ठेवून. फेअरमध्ये उभ्या-उभ्या कुणाची निवड झालेली मी बघितलेली नाही. पण फेअरमध्ये ओळख झालेल्या माणसाने पुढे स्टुडिओत येऊन काम बघितल्याची उदाहरणं मला माहीत आहेत. खिशात एक छोटी स्केचबुक मात्र ठेवावी. आवडलेल्या कामाचं झटपट रेखाटन करणारी मुलगी बूथवर दिसली की कलाकार स्वतःहून येऊन बोलतात.

तुमचे तीन दिवस मी असे वाटले असते: शुक्रवार सकाळ शहरात, दुपारनंतर लोकांना आत सोडू लागले की पहिली फेरी, शनिवारी सकाळी दुसरी फेरी आणि सगळं बोलणं, रविवारी दार उघडताना तासभर पुन्हा, काही घ्यायचं असेल तर ते घेऊन टाकायचं. शहरात त्या आठवड्यात सगळीकडे प्रदर्शनं लागलेली असतात, कारण देश-विदेशचे संग्राहक तिथेच असतात. डिफेन्स कॉलनी आणि लाडो सरायच्या गॅलऱ्या, बिकानेर हाउस, त्रिवेणी कला संगम यांना प्रवेशशुल्क नसतं, आणि फेअरमध्ये ज्याचं एकच काम दिसलं त्याचं अख्खं प्रदर्शन तिथे बघायला मिळू शकतं. लोधी कॉलनीतली भिंतीचित्रं चालत-चालत बघता येतात. जयपूर हाउसमधलं राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आणि साकेतचं किरण नाडर म्युझियम ऑफ आर्ट या दोन जागा मात्र सोडू नका, आणि शक्यतो फेअरच्या आधी, शुक्रवारी सकाळीच त्यांपैकी एक तरी बघून घ्या. अमृता शेरगिल यांची मूळ चित्रं जयपूर हाउसमध्ये डोळे भरून बघितली की दुपारी बूथवर काय विचारायचं ते मुलीला कुणी सांगावं लागणार नाही. ‘फेअर आटोपून सोमवारी निवांत संग्रहालयं बघू’ असा बेत अनेक जण करतात. ही दोन्ही संग्रहालयं सोमवारी बंद असतात, त्यामुळे परतीचं तिकीट रविवारी रात्रीचंच काढा.